इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष: अभ्यासाची घडी बसवायची कशी

बारावीला तुमचा अभ्यास निम्मा तुम्ही करत होतात आणि निम्मा क्लासवाले करून घेत होते. लातूरला, नांदेडला किंवा संभाजीनगरला दोन वर्षं काढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. रोज सकाळी क्लास, संध्याकाळी प्रश्नसंच, रविवारी टेस्ट, सोमवारी भिंतीवर मार्कांची यादी. कोणता धडा कधी, किती वेळा आणि कशा प्रकारच्या प्रश्नांनी पक्का करायचा, हे सगळं दुसरं कोणीतरी ठरवत होतं.

इंजिनिअरिंगला आल्यावर हा कोणीतरी नाहीसा होतो. लेक्चर होतात, हजेरी लागते, पण युनिट संपलं म्हणून उद्या कोणी टेस्ट घेत नाही. सप्टेंबरात सगळं निवांत वाटतं आणि डिसेंबरात पायाखालची वाळू सरकते. हुशार मुलांनाही पहिल्या सेमिस्टरला केटी लागते, म्हणजे विषय राहतो, तो बहुतेक वेळा याच कारणाने. ‘मला जमतच नाही’ अशी समजूत करून घेण्याआधी हे लक्षात घ्या.

मी मराठी माध्यमातून शिकून पुण्याला इंजिनिअरिंगला आले आणि चारही वर्षं इथेच काढली. पुढचं सगळं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांना धरून लिहिलं आहे. मुंबई विद्यापीठ, शिवाजी विद्यापीठ किंवा बाटू (डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ) इथल्या मुलांनी परीक्षेची नावं आणि गुणांची विभागणी आपापली बघावी. बाकी सगळं तसंच लागू पडतं.

आधी जमवायच्या गोष्टी

- तुमच्या पॅटर्नचा, म्हणजे तुम्हाला लागू असलेल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाचा सिलॅबस, विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवलेला. सीनियरने पाठवलेली पीडीएफ चालणार नाही, ती जुन्या पॅटर्नची असू शकते.
- कॉलेजचं शैक्षणिक वेळापत्रक: टर्म कधी संपते, परीक्षा कधी, सबमिशन कधी.
- प्रत्येक विषयाच्या मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका, छापून. मोबाइलवर असलेल्या प्रश्नपत्रिका उघडल्या जात नाहीत.
- एक जाड शंभर पानी वही, फक्त चुकांसाठी. हिच्याबद्दल पुढे सविस्तर.
- पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. झेरॉक्सच्या दुकानात वाया गेलेले कागद असतात, विचारलं तर देतात.
- परीक्षेत चालणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर. प्रोग्रॅम करता येणारा चालत नाही. घेतलात की पहिल्या दिवसापासून तोच वापरा.
- ग्राफिक्ससाठी (तांत्रिक आकृत्या काढण्याचा विषय) मिनी ड्राफ्टर, २एच आणि एचबी पेन्सिली, चांगला कंपास. ड्राफ्टर सीनियरकडून अर्ध्या किमतीत मिळतो, पण घेताना त्याच्या पट्ट्या हलत नाहीत ना ते बघा.

पुस्तकांची घाई करू नका. पहिल्या आठवड्यात सगळ्या विषयांचा सेट घेणाऱ्यांची निम्मी पुस्तकं सेमिस्टर संपेपर्यंत कोरीच राहतात. लायब्ररीच्या कार्डावर मिळतील ती आधी घ्या, आणि कुठलं लागतंय ते कळल्यावर विकत घ्या.

१. पहिल्याच आठवड्यात सिलॅबस फोडा

सिलॅबस वाचायचा म्हणजे काय बघायचं? तीन गोष्टी: युनिट किती, कोणत्या युनिटला किती तास दिलेत, आणि गुण कुठे-कुठे आहेत. तीन क्रेडिटचा थिअरी विषय म्हणजे सेमिस्टरभरात साधारण ४५ तास शिकवणं. त्यातले दोन-चार तास सुट्ट्यांत आणि कार्यक्रमांत जातातच. एका युनिटला सात-आठ तास मिळतात, आणि बारावीत जेवढ्याला महिना लागायचा तेवढं इथे दोन-अडीच आठवड्यांत उरकतं.

२०१९ च्या पॅटर्नमध्ये बहुतेक थिअरी विषयांना सहा युनिट होती, त्यातल्या पहिल्या दोनांवर ३० गुणांची इनसेम (सेमिस्टरच्या मधली परीक्षा) आणि उरलेल्या चारांवर ७० गुणांची एंडसेम (शेवटची परीक्षा). २०२४ च्या पॅटर्नमध्ये इनसेमच्या जागी सेमिस्टरभर चालणारं मूल्यमापन आलं. म्हणजे सीनियर जेव्हा म्हणतो ‘पहिली दोन युनिट इनसेमनंतर विसरून जा’, तेव्हा तो त्याच्या पॅटर्नचं बोलत असतो. सल्ला कोणाचाही घ्या, पण आधी विचारा, ‘तुझा पॅटर्न कोणता?’

मग एका मोठ्या कागदावर सगळे आठवडे आडवे मांडा. त्यावर गणपती, नवरात्र, दिवाळी, कॉलेजचं गॅदरिंग आणि घरचं लग्न असेल तर तेही टाका. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्यामुळे पहिल्या वर्षाचं कॉलेज बहुतेकदा ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतं आणि लगेच सणांची रांग लागते. ‘दिवाळीत घरी गेल्यावर करू’ म्हणून बॅगेत घातलेली पुस्तकं जशीच्या तशी परत येतात, हे गृहीत धरूनच आखणी करा. घरी जा, फराळ खा. त्या आठवड्यावर कागदावर सरळ काट मारा आणि कामं आधीच्या-नंतरच्या आठवड्यांत बसवा.

शेवटच्या फेरीत प्रवेश मिळालेल्यांना वेगळी सूचना. तुमचे दोन-तीन आठवडे गेलेले असतात. मागचं सगळं भरून काढून मग चालू लेक्चरला लागू असं ठरवू नका, तसं केलंत तर कायमच मागे राहाल. आज जे शिकवतायत ते आज धरा, आणि मागचं शनिवार-रविवारी थोडं-थोडं उचला. गणितात मात्र मागचं अडलं तर पुढचंही अडतं, त्यामुळे भरपाई तिथून सुरू करा.

२. लेक्चरमध्ये उतरवून घेण्याची हाव नको

मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले काही आठवडे सगळंच डोक्यावरून जातं. सर बोलतात ते इंग्रजी, आणि तेही भरभर. अशा वेळी हात आपोआप फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवायला लागतो आणि डोकं बंद पडतं.

त्यापेक्षा हे करा. वहीच्या पानाला डावीकडे तीन बोटं रुंदीचा समास सोडा. उजवीकडे फळ्यावरचं लिहा. समजलं नाही तिथे समासात मराठीत प्रश्न लिहा: ‘इथे मायनस कुठून आला?’, ‘मोमेंट या बिंदूभोवतीच का घेतला?’ भाषेची लाज बाळगू नका, वही तुमची आहे. लेक्चर संपल्यावर यातला एक तरी प्रश्न सरांना विचारा. वर्गात हात वर करायचा धीर होत नसेल तर बाहेर पडताना दाराशी विचारा. बहुतेक सर-मॅडम मराठीतच समजावून सांगतात.

आदल्या रात्री पुढच्या लेक्चरच्या भागावरून नुसती नजर फिरवली तरी फरक पडतो. पंधरा मिनिटं पुरे. शब्द कानावरून गेलेले असले की सरांचं बोलणं पकडता येतं. संकल्पना आधी मराठीत समजून घ्यायची असेल तर एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद) ई-कुंभ पोर्टलवर तांत्रिक विषयांची मराठी पुस्तकं फुकट आहेत. त्यांतली काही पारिभाषिक भाषा जड आहे, पण मूळ मुद्दा कळायला उपयोग होतो. उत्तर इंग्रजीत लिहायचं असेल तर व्याख्या मात्र इंग्रजीतच पक्क्या करा.

३. वही मिटा आणि लिहा

हा या सगळ्यातला मुख्य भाग आहे. वेळ नसेल तर बाकीचं सोडा आणि एवढंच करा.

आपल्याकडे ‘अभ्यासाला बसणे’ म्हणजे पुस्तक उघडून वाचणं. एकदा वाचायचं, मग हायलायटर घेऊन पिवळं करायचं, मग परीक्षेच्या आदल्या दिवशी पिवळं तेवढं परत वाचायचं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ‘झालं माझं’ असं समाधान मिळतं. पेपरात मात्र समोर कोरं पान असतं, आणि डोक्यातून काढून त्यावर उतरवायचा सराव कधी केलेलाच नसतो.

२००६ साली अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्याच मुलांवर यासंबंधी प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा-पुन्हा वाचला, काहींनी तो वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा-पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. गंमत अशी की वाचणाऱ्यांनाच आपल्या लक्षात जास्त राहील याची खात्री होती.

तुमच्या बारावीच्या क्लासमधली रविवारची टेस्ट नेमकं हेच काम करत होती. मार्कांच्या यादीपेक्षा जास्त उपयोग झाला तो दर आठवड्याला कोऱ्या कागदासमोर बसण्याचा. आता ती टेस्ट स्वतःची स्वतः घ्यायची.

कशी, ते मेकॅनिक्सच्या एका गणितावर बघू. ३० अंशांच्या उतारावर १०० न्यूटन वजनाचा ठोकळा आहे, घर्षणांक ०.४. उताराला समांतर किती बल लावलं तर तो खाली घसरणार नाही?

पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण वाचा आणि पुस्तक मिटा. पाठकोऱ्या कागदावर ठोकळ्याची फ्री बॉडी डायग्राम काढा, म्हणजे नुसता ठोकळा आणि त्याच्यावरची सगळी बलं बाणांनी दाखवा. कोणकोणती बलं आहेत? वजन, अभिलंब प्रतिक्रिया, घर्षण आणि आपण लावलेलं बल. वजनाचा बाण सरळ खाली काढलात की उताराला लंब? पहिल्या वर्षाची कितीतरी मुलं तो उताराला लंब काढतात आणि पुढचं सगळं गणित चुकतं. वजन कायम जमिनीकडे. लंब असते ती प्रतिक्रिया.

आता आकडे. वजनाचा उताराच्या दिशेचा घटक ५० न्यूटन, लंब दिशेचा ८६.६. जास्तीत जास्त घर्षण ८६.६ गुणिले ०.४, म्हणजे सुमारे ३४.६. ठोकळा खाली घसरू पाहतोय, म्हणून घर्षण वरच्या दिशेने, आपल्या मदतीला. लागणारं बल ५० वजा ३४.६, म्हणजे १५.४ न्यूटन.

इथे थांबू नका. स्वतःलाच पुढचा प्रश्न घाला: ठोकळा वर ढकलायला सुरुवात करायची असेल तर? आता हालचाल वरच्या दिशेने होऊ पाहते, घर्षण उलटतं आणि खाली खेचतं. ५० अधिक ३४.६, म्हणजे ८४.६ न्यूटन. एका बाणाची दिशा बदलली आणि उत्तर पाचपटीहून अधिक झालं. नुसतं वाचताना हा बाण डोळ्यांखालून निघून जातो. स्वतःच्या हाताने काढावा लागला की तो कुठल्या बाजूला काढायचा असा प्रश्न पडतो, आणि त्या प्रश्नाशी झटापट केली की मगच घर्षण कळतं.

आता पुस्तक उघडा आणि वेगळ्या रंगाच्या पेनने आपलं तपासा. चुकलं असेल तर ती चूक चुकांच्या वहीत एका ओळीत लिहा: ‘वजन उभं खाली. घर्षण संभाव्य हालचालीच्या विरुद्ध, बलाच्या विरुद्ध असेलच असं नाही.’ एवढंच. पूर्ण गणित उतरवू नका, नाहीतर ती वही दुसरं पुस्तक होऊन बसते.

थिअरीच्या विषयांनाही हीच रीत. केमिस्ट्रीत पाण्याचा कठीणपणा ईडीटीए पद्धतीने काढणं वाचलंत? पुस्तक मिटा आणि पाच ओळींत लिहा: बफर कशाला, इंडिकेटर कोणता, रंग कशापासून कशाकडे जातो, वाचन कशाचं घ्यायचं. रंग आठवला नाही तर दोन मिनिटं अडून बसा. लगेच पुस्तक उघडलं की वाईन रेड दिसतो, ‘हो, माहीत होतं की’ असं वाटतं आणि तो परत निसटतो.

सुरुवातीला हे फार जड जाईल. तासाभरात दहा पानं वाचून होतात, लिहून मात्र तीनच होतात. मागे पडतोय असं वाटेल. तरी करा.

४. परत कधी बघायचं

एबिंगहॉस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे: पहिली उजळणी लवकर, पुढच्या लांब-लांब अंतराने.

लेक्चर झालं त्याच संध्याकाळी वही मिटून पाच-सात ओळी लिहा. रविवारी आठवड्यातल्या सगळ्या विषयांची मिळून तासाभराची टेस्ट. ती कशी काढायची? आठवडाभर समासात लिहिलेले प्रश्न हीच प्रश्नपत्रिका. मग तीन-चार आठवड्यांनी त्या युनिटवरचे जुन्या पेपरातले प्रश्न. अ‍ॅपमध्ये प्रश्न-उत्तरांची कार्डं करून आठवण लावणारेही असतात. त्याची गरज व्याख्या, सूत्रं आणि रंग-एककं यांपुरतीच. कार्डं सजवण्यात दोन तास घालवणारा मित्र तुम्हाला लवकरच भेटेल.

५. गणित: एम-वन आणि एम-टू (इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्सचे दोन पेपर)

पहिल्या वर्षी सर्वात जास्त केटी कशात, असं कुठल्याही सीनियरला विचारा, एम-वन, एम-टू किंवा मेकॅनिक्स यांतलंच नाव येईल. गणिताचे व्हिडिओ बघणं हा सर्वात मोठा सापळा. यूट्यूबवर सर इतकं सफाईने सोडवतात की आपल्यालाही येतंय असा भास होतो. आई भाकरी थापताना कितीही बघितलं तरी आपली पहिली भाकरी परातीतच फाटते. व्हिडिओ बघायचाच तर गणित दिसलं की थांबवा, पाच मिनिटं स्वतः झगडा आणि मग पुढे चालवा.

दुसरा सापळा, एकाच प्रकारची पंधरा गणितं ओळीने सोडवणं. आंशिक विकलनात ऑयलरचा सिद्धांत घ्या. ‘यू बरोबर साइन इन्व्हर्स, कंसात एक्स वर्ग अधिक वाय वर्ग भागिले एक्स अधिक वाय’ हे नेहमीचं उदाहरण. काढायचं असतं एक्स गुणिले यू चं एक्सनुसार आंशिक विकलन, अधिक वाय गुणिले यू चं वायनुसार आंशिक विकलन. धड्याच्या मथळ्याखाली ते असतं तेव्हा ऑयलर लावायचा हे मथळाच सांगतो. तरीही पुष्कळ जण सिद्धांत थेट यू ला लावतात. यू हे समघाती फल (होमोजिनियस फंक्शन) नाहीच, साइन यू आहे, आणि त्याचा घात १. म्हणून सिद्धांत साइन यू ला लावायचा, आणि उत्तर येतं टॅन यू. पेपरात मथळा नसतो. कुठली रीत लावायची हे ओळखणं हेच तिथलं अर्धं काम.

म्हणून दोन युनिट झाली की गणितं मिसळून सोडवा. तीन-चार युनिटांतली प्रत्येकी दोन गणितं चिठ्ठ्यांवर लिहा, चिठ्ठ्या डब्यात टाका आणि एकेक काढा. चिठ्ठी उघडल्यावर पहिल्यांदा फक्त एवढं लिहा: हे कोणत्या युनिटमधलं, रीत कोणती आणि का. मग सोडवा.

६. सबमिशन अंगावर येऊ देऊ नका

अभ्यास बुडतो तो कंटाळ्याने कमी, सबमिशनने जास्त. टर्म संपताना स्टाफरूमबाहेर जर्नल घेऊन उभी असलेली रांग दिसेल. कोणाला तीन प्रयोगांवर सही हवी, कोणाची दोन शीट बाकी. त्या आठवड्यात रात्र-रात्र जागून लिहिलं जातं, त्यातला एक शब्द डोक्यात जात नाही, आणि पाठोपाठ ओरल येते.

उपाय नीरस आहे. प्रॅक्टिकल झालं त्याच दिवशी, झोपायच्या आत निरीक्षणं आणि आकडेमोड पूर्ण करा. बाकीचं लिखाण आठवड्याच्या आत, आणि पुढच्या प्रॅक्टिकलला सही घ्या. सही राहिली तर दर वेळी सरांना शोधत फिरावं लागतं.

लिखाण करतानाच पानाच्या मागे तीन प्रश्न लिहून ठेवा: हे उपकरण का वापरलं, आकडा चुकला तर कशामुळे, आणि सूत्रात प्रत्येक अक्षर कशाचं. ओरलला याच्या फार पलीकडे विचारत नाहीत.

ग्राफिक्सच्या शीटबद्दल मात्र स्पष्टच सांगते. होस्टेलवर काच दोन टेबलांमध्ये ठेवून खाली दिवा लावतात आणि मित्राच्या शीटवर आपली शीट ठेवून रेषा गिरवतात. याला जीटी मारणं म्हणतात आणि जवळपास सगळे मारतात. एखाद्या वेळी नाइलाज समजू शकते. पण ऑर्थोग्राफिक प्रोजेक्शन ही गोष्ट डोळ्यांपुढे वस्तू फिरवता आल्याशिवाय येत नाही, आणि परीक्षेत काच नसते. निदान प्रत्येक प्रकारातली एक आकृती स्वतः काढा. समोरून आणि वरून वस्तू कशी दिसते ते कळत नसेल तर साबणाच्या वडीतून ती वस्तू कापून बघा, खरंच उपयोग होतो.

७. वेळ आणि जागा

पहाटे चारला उठण्याचे संकल्प सोडा. तुमचं टाइमटेबल समोर घेऊन आठवड्यातल्या रिकाम्या वेळा बघा. दोन लेक्चरमधला मोकळा तास, प्रॅक्टिकल लवकर सुटल्यानंतरची वेळ, मेसला जायच्या आधीचा दीड तास. यातल्या चार-पाच वेळांना विषय नेमून द्या. ‘रोज तीन तास अभ्यास’ असं ठरवलेलं दुसऱ्या आठवड्यात मोडतं. ‘मंगळवारी आणि गुरुवारी पाच ते साडेसहा, कॉलेजची लायब्ररी, मेकॅनिक्स’ असं ठरवलेलं बऱ्यापैकी टिकतं, कारण कुठे जायचं आणि काय उघडायचं हे आधीच ठरलेलं असतं.

रूमवर अभ्यास होत नाही. कॉट बेसिसवर तिघे-चौघे राहत असाल तर कोणाचा तरी मोबाइल वाजत असतो, कोणी तरी मॅगी करत असतं. पेठांमधल्या अभ्यासिका चांगल्या आहेत, पण तिथलं वातावरण स्पर्धा परीक्षांचं. महिन्याची फी भरून दिवसाचे बारा तास बसणाऱ्यांसाठी ती जागा आहे. पहिल्या वर्षाला कॉलेजची रीडिंग हॉल पुरते, आणि ओळखपत्रावर ती फुकट असते.

मोबाइल बॅगेत, बॅग पायाशी. टेबलावर पालथा ठेवलेला मोबाइल दर दहा मिनिटांनी सुलटा होतो. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टी ही चिरिलो नावाच्या इटालियनाची पद्धत बऱ्याच जणांना लागू पडते. मला स्वतःला गणितासाठी पंचवीस मिनिटं अपुरी वाटतात. एखादं लांब गणित मध्यावर असताना घंटा वाजते. गणिताला पन्नास मिनिटं ठेवा, थिअरीला पंचवीस.

पीएमपीएमएलच्या बसमधला तास अभ्यासाचा धरू नका. उभं राहून पुस्तक वाचता येत नाही. फार तर सकाळच्या लेक्चरचे पाच मुद्दे मनात आठवून बघा, न आठवलेले उतरल्यावर बघून घ्या.

फीसाठी किंवा खर्चासाठी काम करत असाल तर विद्यापीठाच्या कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजनेची कॉलेजमध्ये चौकशी करा. काम कॅम्पसवरच असतं, त्यामुळे येण्या-जाण्याचा वेळ वाचतो. अर्ज सत्राच्या सुरुवातीला घेतात, तेव्हा लवकर विचारा.

८. ग्रुप तिघांचा

ग्रुपने अभ्यास होतो, पण तिघांचा. पाच-सहा जण जमले की चहाच होतो. एक नियम ठेवा: एकत्र जमून वाचायचं नाही. वाचून यायचं, आणि जमल्यावर एकाने पुस्तक न बघता दुसऱ्याला समजावून सांगायचं. ऐकणाऱ्याने ‘का?’ विचारत राहायचं. ग्रुपमधला जो सगळ्यांना शिकवतो त्याला ‘याचा वेळ वाया जातोय’ म्हणून हसू नका, सगळ्यात जास्त फायदा त्याचाच होतो.

९. जुने पेपर आणि पीएल

परीक्षेआधी अभ्यासाला मिळणारी प्रिपरेशन लीव्ह म्हणजे पीएल. तिच्यात नवीन युनिट शिकायला घेऊ नका असं म्हणणं सोपं आहे, प्रत्यक्षात एखादं राहतंच. पण एकापेक्षा जास्त राहू देऊ नका.

पीएलमध्ये प्रत्येक विषयाचे निदान दोन जुने पेपर घड्याळ लावून पूर्ण लिहा, कॅल्क्युलेटर तोच आणि पेनही तेच. पेपर येतो पण वेळ पुरत नाही, अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी अख्खा पेपर एका बैठकीत लिहिलेला पहिला प्रसंग परीक्षेचाच असतो.

बारावीसारखा एखादा भाग ऑप्शनला टाकता येईल अशी समजूत असेल तर आधी प्रश्नपत्रिकेची मांडणी बघा. २०१९ च्या पॅटर्नमधल्या बहुतेक पेपरांत ‘प्रश्न १ किंवा प्रश्न २’ असा पर्याय असे, आणि हे दोन्ही प्रश्न एकाच युनिटवरचे. म्हणजे युनिट सोडलं की त्याचे सतरा-अठरा गुण सरळ गेले. सोडायचंच तर युनिटच्या आतला एखादा उपभाग सोडा. तोही दोन-तीन वर्षांचे पेपर बघून.

झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या ‘इम्पॉर्टंट प्रश्नां’च्या यादीवर सगळा डोलारा उभारू नका. ती यादीही जुन्या पेपरांवरूनच काढलेली असते, आणि ते काम तुम्ही स्वतः केलंत तर त्यातच अर्धी उजळणी होते.

पेपरच्या आदल्या रात्री चुकांची वही काढा. आतापर्यंत ती वीस-पंचवीस पानांची झाली असेल. एका विषयाच्या चुका वाचायला अर्धा तास लागतो. मग झोपा.

१०. केटी लागलीच तर

रडायचं असेल तर एक दिवस रडा, घरी सांगा. मग नियम वाचा. पुणे विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला काही क्रेडिट बाकी ठेवून जाता येतं. तिसऱ्या वर्षाला जाताना मात्र पहिल्या वर्षाचं सगळं सुटलेलं असावं लागतं. नेमकी अट तुमच्या पॅटर्नची बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या माहितीवर विसंबू नका, कॉलेजच्या परीक्षा विभागात जाऊन खिडकीवर विचारा.

उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. पुनर्मूल्यांकनाला टाकायचं की नाही हा प्रश्न नंतरचा. छायाप्रतीत तुमचे गुण कुठे गेले ते दिसतं: रीत चुकली, आकडेमोड चुकली, की प्रश्नच सुटला नाही. रीत चुकली असेल तर त्या युनिटला परत हात घाला. आकडेमोड चुकली असेल तर पेपर घड्याळ लावून लिहिण्याचा सराव कमी पडला. प्रश्न सुटलेच नसतील तर ते कोणत्या युनिटचे ते मोजा. हे सगळं चुकांच्या वहीत लिहा, आणि केटीच्या विषयाला पुढच्या सेमिस्टरच्या टाइमटेबलमध्ये आठवड्याचे दोन ठरलेले तास आत्ताच देऊन टाका.

छायाप्रतीचा अर्ज ऑनलाइन करावा लागतो, त्याला फी असते आणि मुदत थोडी असते. निकाल लागला त्याच दिवशी विद्यापीठाचं परिपत्रक उघडून शेवटची तारीख बघून ठेवा.